रोमान्स लेखकांच्या कॉन्फरन्सला पहिल्यांदाच चाललेय, पिचची धडकी भरलीय

मधुमालती

मंडळी, जाणकारांनी जरा हात द्या. मी टोपणनावाने इंग्रजीत रोमान्स लिहिते. दोन छोट्या कादंबऱ्या स्वतःच ई-बुक म्हणून काढल्यात. तिसरी ७०,००० शब्दांची आहे, ती मात्र रीतसर प्रकाशकाकडून यावी अशी फार इच्छा आहे. म्हणून रोमान्स लेखकांच्या कॉन्फरन्सला नाव नोंदवलं आणि एका संपादिकेबरोबर १० मिनिटांची पिच अपॉइंटमेंटही मिळाली, म्हणजे समोर बसून आपली कादंबरी थोडक्यात सांगून पटवायची. तेव्हापासून झोप उडालीय.

कथा अशी: नायिका मरीन सर्व्हेअर. एका मालवाहू जहाजाच्या इंजिनरूममध्ये आग लागते, ती का लागली हे तपासायला विमा कंपनी तिला पाठवते. नायक त्याच जहाजाचा चीफ इंजिनिअर. पिच मी अशी रचलीय: ‘एक बंदर. दोन अनोळखी जीव. एक जळालेलं जहाज आणि एक जपलेलं गुपित. प्रेम जिंकेल की कर्तव्य?’

बरी आहे का? छापील प्रत सोबत न्यायची का? बिल्ल्यावर खरं नाव येतं का? (ऑफिसात कुणाला पत्ता नाही आणि लागायलाही नकोय.) आणि ओळखीचं चिटपाखरूही नसताना जेवणाच्या टेबलावर काय बोलायचं असतं?

शेवटगोड

राग मानू नकोस, पण शेवटची ओळ वाचून मोठ्याने हसले. अगं, ‘प्रेम जिंकेल की कर्तव्य’ हे तू रोमान्सच्या संपादिकेला विचारतेयस! रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका या लेखकसंस्थेची रोमान्सची व्याख्याच दोन कलमी आहे: प्रेमकथा मध्यवर्ती हवी, आणि शेवट समाधान देणारा, आशादायी हवा. म्हणजे प्रेम जिंकणार हे ती खुर्चीत बसायच्या आधीपासून जाणते. तिला ऐकायचंय ते कसं जिंकतं, आणि तोवर दोघांना कोण अडवून धरतं.

तू लिहिलंयस ते मलपृष्ठावर शोभेल. तिथे वाचकाला चाळवायचं असतं. पिचमध्ये गुपितं फोडायची. कथेत जहाज आहे, आग आहे, विमा आहे, आणि तुझ्या चार ओळींत ‘एक जळालेलं जहाज’! संपादिकेला दिवसभर ‘दोन अनोळखी जीव’च ऐकू येत असतात. मरीन सर्व्हेअर नायिका मात्र तिच्यासमोर रोज येत नाही. तेच हुकमी पान तू दडवून ठेवलंयस.

आता मला दोन गोष्टी सांग. एक, नायक काय लपवतोय? दोन, अहवाल देऊन झाल्यावरही ते एकमेकांपासून दूर का राहतात? दुसऱ्याचं उत्तर नसेल तर कादंबरीतच पोकळी आहे. बाहेरची अडचण मिटली आणि जोडी जमली, तर ती तपासकथा झाली, मधूनमधून चुंबनं असलेली.

छापील प्रत मुळीच नेऊ नकोस, कुणी घेत नाही. आवडलं तर ती तीन प्रकरणं आणि सारांश मागेल, किंवा पूर्ण हस्तलिखित. ते घरी येऊन ईमेलने पाठवायचं, विषयात कॉन्फरन्सचं नाव आणि ‘मागितल्याप्रमाणे’ असं स्पष्ट लिहून. आणि मागितलं म्हणजे घेतलं असं नव्हे. समोर बसलेल्या माणसाला तोंडावर नाही म्हणणं जड जातं, त्यामुळे ‘पाठवा’ बऱ्याच जणांना मिळतं. काही कॉन्फरन्सना पहिलं प्रकरण आधीच मागवून घेतात आणि त्या १० मिनिटांत त्यावरच बोलतात. तुझी तशी आहे का, नोंदणीचा ईमेल नीट वाच. तशी असेल तर पाठांतराचा उपयोग नाही, वही-पेन ने आणि ऐक.

सेशन्समध्ये कराराचं असेल तर ते चुकवू नकोस. ‘नायकाच्या भावना कशा लिहाव्यात’ वगैरे पुढेही ऐकता येईल. ऑडिओचे हक्क, भाषांतराचे हक्क आणि पुस्तकाची विक्री थंडावल्यावर हक्क परत मिळवण्याचं कलम, हे सही करायच्या आधी कळलेलं बरं.

रात्रपाळी

बिल्ल्याचं: नोंदणी आणि पैसे खऱ्या नावाने, बिल्ला टोपणनावाने, असं बहुतेक ठिकाणी चालतं. फॉर्मवर दोन वेगळे रकाने नसतील तर आयोजकांना लिहून कळवा. फोटोंचंही तेव्हाच विचारा. बिल्ला टोपणनावाचा आणि चेहरा फेसबुकवर, असं व्हायला नको.

जेवणाच्या टेबलावर ‘तुम्ही काय लिहिता?’ एवढं विचारलं की पुरे. कुणी ऐतिहासिक लिहितं, कुणी व्हॅम्पायर. पुढची वीस मिनिटं तुम्हाला तोंड उघडावं लागत नाही. संपादिकेला मात्र स्वच्छतागृहात गाठू नका. हसू नका, लोक गाठतात.

हिशेबनीस

थोडं रुक्ष बोलतो. पैसे भरण्यापूर्वी किंवा हॉटेलची खोली घेण्यापूर्वी रद्द झाल्यास परतावा किती, हे वाचा. वर व्याख्येसाठी जिचं नाव आलं त्या संस्थेचंच बघा. १९८० साली स्थापन झालेली, एके काळी सुमारे १०,००० सभासद असलेली संस्था. डिसेंबर २०१९ मध्ये वंशभेदावर जाहीर टीका करणाऱ्या एका लेखिकेवरच तिने कारवाई केली. गदारोळ उठला, राजीनाम्यांची रांग लागली, २०२० चे पुरस्कार रद्द झाले. पुढे सभासद २,००० च्या आसपास उरले आणि मे २०२४ मध्ये संस्थेने दिवाळखोरीचा अर्ज केला. देणं मुख्यतः कशाचं? वार्षिक कॉन्फरन्ससाठी ज्या हॉटेलांशी आधीच करार करून ठेवले होते त्यांचं, जवळपास ३० लाख डॉलर. वर्षानुवर्षं आधी शेकडो खोल्यांची हमी द्यायची आणि माणसंच आली नाहीत, की असं होतं.

घाबरवत नाहीये. ब्रिटनमधली रोमँटिक नॉव्हेलिस्ट्स असोसिएशन १९६० पासून उभी आहे आणि १९६२ पासून अप्रकाशित लेखकांची हस्तलिखितं अनुभवी लेखकांकडून वाचून घेत आलीय. कॉन्फरन्सइतकाच अशा योजनेचाही विचार करा.

आणि एक. तिथे कुणी ‘एजंट’ (लेखकाच्या वतीने प्रकाशकाशी व्यवहार करणारा) म्हणून भेटला आणि वाचनाची फी मागू लागला, तर नमस्कार करून निघा. खरा एजंट तुमच्या कमाईतून कापतो, साधारण १५ टक्के. आधी काही घेत नाही.

मधुमालती

शेवटगोड, दुसऱ्या प्रश्नाने दिवसभर छळलं. नायक एका ज्युनियरला वाचवतोय, तो पोरगा पहाऱ्यावर झोपला होता. नायिकेच्या वडिलांना पूर्वी कुणीतरी असंच ‘वाचवलं’ होतं. खोटा अहवाल दिला, आणि पुढच्या सफरीत त्यांच्याच हातून माणूस गेला. त्यामुळे दया म्हणून खोटं बोलणारा माणूस तिला नकोच आहे. हे सगळं अकराव्या प्रकरणात येतं. पण पिचमध्येच सांगून टाकलं तर ती पुढे वाचेल कशाला?

शेवटगोड

बाई गं, हे अकराव्यात पुरून ठेवलं होतंस! हे ऐकल्यावरच तर वाचेल. घे:

‘दयेपोटी लिहिलेल्या खोट्या अहवालाने तिच्या घराची वाताहत केली. आज मरीन सर्व्हेअर म्हणून ती एका जळालेल्या जहाजाचा अहवाल लिहितेय, आणि ज्याच्या प्रेमात पडलीय तो चीफ इंजिनिअर दयेपोटीच तिच्याशी खोटं बोलतोय. ती खरं लिहिते, त्याची नोकरी जाते. तिचं का बरोबर होतं हे त्याला, आणि तो का खोटं बोलला हे तिला कळतं, तेव्हाच ते एकत्र येतात.’

शब्द तुझे घाल, हा नुसता सांगाडा आहे. मिनिटभरात संपव. उरलेली नऊ मिनिटं ती प्रश्न विचारेल. ‘याच प्रकारचं पुढचं काय लिहिताय?’ हा त्यात हमखास असतो, तेव्हा चौथ्या कादंबरीच्या दोन ओळी तयार ठेव.