लेबल वाचणारे सगळे वेडे का?

चिवडावाला: काल इथे कुणीतरी लिहिलं, "पाकिटामागचे आकडे वाचून खाणाऱ्यांना वेड लागलंय, आमची आज्जी काही न मोजता नव्वद वर्षं जगली." अहो पण आज्जी पाकिटातलं खायची का? माझ्यासमोर चिवड्याचं २०० ग्रॅमचं पाकीट आहे. १०० ग्रॅमला ५३० कॅलरी, सर्व्हिंग ३० ग्रॅम, आणि रोजच्या गरजेचे ते टक्के दिलेत ना ते त्या ३० ग्रॅमचे, दिवसाला २००० कॅलरी धरून. मूठभर चिवडा खाऊन पाकिटाला रबर लावणारा माणूस दाखवाच मला. मॅच संपेपर्यंत पाकीट संपतं, म्हणजे १०६० कॅलरी, आणि वर "मी काहीच खात नाही तरी वजन वाढतं".

नागपूरची काकू: मीच लिहिलं होतं. पाकिटाचं ठीक आहे हो, आमटीला कुठे लेबल असतं? आमची सून पोळी काट्यावर ठेवते, ३५ ग्रॅमच्या वर गेली की कड तोडून माझ्या ताटात. सणाच्या दिवशीसुद्धा!!

मीठ_कमी: काकू, पोळी सोडा, फोडणीचं बोला. मोठा चमचाभर तेल म्हणजे सव्वाशे कॅलरी आणि आपल्याकडे बुधलीतून धार सोडतात. सून बरोबर आहे.

नागपूरची काकू: तुमचं लग्न झालंय का?

साधासोपा: एवढा हिशोब कशाला, डॉ. दीक्षितांचं डाएट करा. दोनदा जेवा, ५५ मिनिटांत उरका, मधे काही नाही. माझं पोट उतरलं, बेल्टला नवीन भोक पाडलं.

बाणेरकर: आले दीक्षितवाले! आमचे साडू त्या ५५ मिनिटांत श्रीखंडाचा डबा संपवतात.

साधासोपा: मग साडूंनी अर्धंच ऐकलंय, गोड कमीत कमी खा असं स्पष्ट सांगितलंय. आणि रोज ४५ मिनिटं चालायचं, ते विसरतात सगळे.

तूपरोटी: त्या आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर तर दर दोन तासांनी खा म्हणतात, वर तूप. आमच्याकडे नवरा दीक्षित, सासूबाई दिवेकर, गॅस बंदच होत नाही. यावर कुणी डाएट काढा.

चिवडावाला: धागा लेबलचा आहे!!

बाणेरकर: लेबलवर तरी कुठे विश्वास ठेवायचा? '१०० टक्के फळांचा रस' छापत होतेच ना, २०२४ च्या जूनमध्ये एफएसएसएआयला, म्हणजे खाद्यपदार्थांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेला, सांगावं लागलं की ते काढा.

चिवडावाला: ते पुढच्या बाजूला, मी मागचा तक्ता म्हणतोय. ॲडेड शुगर वेगळी द्यावी लागते, ती ओळ वाचली की कळतं. पण अक्षर एवढं बारीक आणि नेमकं पाकिटाच्या जोडावर, की फोटो काढून झूम करावा लागतो, ही मात्र शुद्ध हलकटगिरी आहे.

नागपूरची काकू: बरं बाई, शेवेचं वाचलं. शंभराला ५६०. तुमचंच खरं, मिळाला आनंद? उरलेली शेव सुनेच्या डब्यात घातली.

साधासोपा: इन्सुलिनवर कुणी बोललंच नाही. रविवारी सविस्तर लिहितो.

तूपरोटी: नका हो.