लोणार सरोवर एका दिवसात, आरामात होईल का?

प्रश्न: संभाजीनगरहून गाडीने निघणार, सोबत सत्तरीचे आईबाबा. खाली उतरावं का? किती वेळ धरू?

उत्तर १: जाताना तीन तास धराच. सहाला निघालात तर ऊन चढायच्या आत काठावर पोचाल. विवराचा व्यास सुमारे 1.8 किमी, खोली दीडशे मीटरच्या आसपास. उतरणं सोपं वाटतं, दमछाक चढताना होते. खाली वारा लागत नाही, त्यात दगड निसरडे. आईबाबांना वरूनच दाखवा, मग गोमुखाची धार आणि गावातलं दैत्यसूदन मंदिर. मंदिरात छतावरचं कोरीवकाम अंधारात हरवतं, विजेरी न्या.

उत्तर २: उतरणाऱ्यांनी माणशी दोन लिटर पाणी घ्यावं. तळ्याचं पाणी खारट आणि अल्कधर्मी. पिण्याचा प्रश्नच नाही. हळद लावलेला कागद बुडवा, लाल होतो (मुलं खूश!). काठच्या चिखलात पाय रुततो, सँडल नकोत. पाणी वाढलं की कमळजा देवीकडची वाट बंद पडते, आधी वनखात्याच्या माणसाला विचारा.

उत्तर ३: गुलाबी पाण्याच्या आशेने जाऊ नका. जून 2020 मध्ये क्षारता वाढून सूक्ष्मजीवांमुळे तो रंग आला होता. एरवी पाणी हिरवंच.