परराष्ट्रीयांना मंडळीत जागा कुणी दिली: यरुशलेमच्या बैठकीने की अंत्युखियाच्या पंगतीने?

शाईदौत

नेहमीची समजूत अशी: सुंता न झालेल्या परराष्ट्रीयांना, म्हणजे यहूदी नसलेल्यांना, ख्रिस्ती मंडळीत घ्यायचं की नाही, हा वाद इ. स. 49च्या सुमारास यरुशलेमच्या बैठकीत गेला, येशूचा शिष्य पेत्र बोलला, तिथल्या मंडळीचा पुढारी याकोब याने निकाल दिला, परराष्ट्रीयांनी काय वर्ज्य करायचं याच्या चार अटींचं पत्र निघालं आणि विषय मिटला (प्रेषितांची कृत्ये, अध्याय 15; पुढे नुसते आकडे याच पुस्तकाचे). माझ्या मते बैठकीने आधीच घडून गेलेल्या गोष्टीवर शिक्का मारला, तोही अर्धवट.

यरुशलेममध्ये स्तेफन या ख्रिस्ती पुढाऱ्याच्या हत्येनंतर पांगलेल्यांपैकी कुप्र आणि कुरेने इथले काही जण सिरियातल्या अंत्युखियाला आले आणि थेट ग्रीकांशी बोलू लागले (11:20). कृत्ये लिहिणाऱ्या लूकला त्यांची नावंही ठाऊक नसावीत. कुणाची परवानगी नाही, दृष्टान्त नाही. यरुशलेमला खबर लागल्यावर बर्णबाला पाहणीला धाडलं, तोवर मंडळी उभी राहिली होती.

शिवाय प्रश्न दोन होते आणि आपण ते एकात कालवतो. पहिला प्रवेशाचा: बाप्तिस्मा पुरे की सुंताही हवी? दुसरा रोटीव्यवहाराचा: प्रवेश मिळालेल्यासोबत यहूद्याने जेवायचं का? पहिल्याचा निकाल लागला. प्रेषित पौल आपल्या परराष्ट्रीय सोबत्याला, तीताला, सुंतेविना यरुशलेमला घेऊन गेला आणि तसाच परत आणला (गलती 2:3). दुसरा अंत्युखियातच पेटला. पेत्र परराष्ट्रीयांबरोबर जेवत होता, याकोबाकडची माणसं येताच उठला, आणि बर्णबासुद्धा त्याच्यामागे गेला. प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीने भाकर मोडणं, तेव्हा खऱ्या जेवणाचाच भाग होतं. पंगती वेगळ्या झाल्या की भाकर मोडणंही वेगळं, म्हणजे मंडळ्याच दोन. ही फूट बैठकीने नाही, पेत्राला सर्वांसमोर सुनावणाऱ्या पौलाच्या हट्टाने टळली.

मोडीवाचक

टळली कुठे? पौल गलतीकरांना भांडणाची हकीकत सांगतो, पण पेत्राने माघार घेतली असं एका शब्दाने म्हणत नाही. घेतली असती तर पौलाने ते नक्की मिरवलं असतं.

आणि यरुशलेमला इतकं स्वस्तात काढू नका. कर्नेल्याचं प्रकरण बघा. पेत्र यापोला शिमोन चांभाराकडे उतरलेला, म्हणजे कातडं कमावणाऱ्याच्या घरी, हेच एका यहूद्याला थोडं जड. तिथून कैसरियाला, कर्नेल्य या परराष्ट्रीय रोमी शताधिपतीच्या उंबऱ्यात. बोलणं संपण्याआधीच पवित्र आत्मा उतरतो, बाप्तिस्मा नंतर. परतल्यावर यरुशलेममधली तक्रार काय? ‘बेसुंती लोकांकडे जाऊन जेवलास’ (11:3). बाप्तिस्म्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. तुमचा तो दुसरा प्रश्न यरुशलेममध्येच आधी उठला होता.

चार अटी टिकल्यासुद्धा: मूर्तीला वाहिलेलं, रक्त, गळा दाबून मारलेला प्राणी आणि जारकर्म वर्ज्य. पौल करिंथकरांना ‘बाजारातलं मांस चौकशी न करता खा’ म्हणाला (1 करिंथ 10:25). प्रकटीकरणात मात्र पर्गम आणि थुवतीरा इथल्या मंडळ्यांना मूर्तीचा नैवेद्य खाण्यावरून झापलं आहे. दिदाखे हे सुरुवातीच्या मंडळीचं शिकवणीचं पुस्तकही तेच बजावतं. इ. स. 177 मध्ये ल्योंला छळ झाला तेव्हा बिब्लिस नावाच्या स्त्रीने ख्रिस्ती लोकांवरचा पोरं खाण्याचा आरोप फेटाळला तो असा: आम्हाला जनावरांचं रक्तही वर्ज्य, तिथे मुलं कशी खाऊ? बैठकीनंतर सव्वाशे वर्षांनी, गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्समध्ये. ताटावर राज्य पौलाचं नाही, त्या पत्राचं होतं.

उपनगरी

तुम्ही दोघंही धरून चालला आहात की मोशेचं नियमशास्त्र सोडलं म्हणून परराष्ट्रीय आत आले. पण त्या चार अटी आल्या कुठून? त्या नियमशास्त्रातल्या लेवीय पुस्तकाचे अध्याय 17 आणि 18 उघडा. भलतीकडे केलेला यज्ञ, मग रक्त, मग शिकारीच्या प्राण्याचं रक्त न सांडता खाणं, मग निषिद्ध शरीरसंबंध. पत्रातला क्रम (15:29) हुबेहूब हाच, आणि लेवीयात हे नियम इस्राएलात राहणाऱ्या उपऱ्यालाही लागू आहेत. म्हणजे याकोबाने नियमशास्त्र मोडलं नाही, वापरलं. परराष्ट्रीय यहूदी न होता परराष्ट्रीय म्हणूनच आत आले, आणि तेही नियमशास्त्राच्याच आधारे.

हा पेचही ख्रिस्त्यांचा एकट्याचा नव्हता. यहूदी इतिहासकार योसेफस सांगतो ती यहूदी धर्माकडे वळलेल्या, मेसोपोटेमियातल्या आदियाबेनेच्या इझातेस राजाची गोष्ट पहिल्या शतकातलीच. हनन्या नावाचा यहूदी व्यापारी त्याला म्हणाला, सुंतेविनाही देव भजता येतो. प्रजा बिथरेल, उगाच धोका कशाला. मग गालीलचा एलाजार आला. राजाला नियमशास्त्र वाचताना पाहून म्हणाला, नुसतं वाचून काय उपयोग, त्यात सांगितलंय ते कर. राजाने केलं. ‘सुंतेशिवाय तारण नाही’ म्हणत अंत्युखियाला आलेले लोक (15:1) एलाजाराच्या माळेतले होते, आणि त्यांना मूर्ख समजायचं कारण नाही. सुंतेची आज्ञा देणारा उत्पत्तीचा 17वा अध्याय त्यांच्या बाजूने आहे.

शाईदौत

लेवीयाचा धागा मोहक आहे, पण पुरत नाही. शब्बाथही उपऱ्याला लागू आहे (निर्गम 20:10), मग तो यादीत का नाही? हस्तलिखितंही एकमुखी नाहीत. बेझा नावाच्या जुन्या हस्तलिखितात ‘गळा दाबून मारलेले’ गायब आहे आणि ‘स्वतःला नको ते दुसऱ्याशी करू नका’ हे वाक्य जोडलंय, म्हणजे आहाराच्या अटी सरळ नीतीच्या करून टाकल्या.

मोडीवाचक, पौलाला ते पत्र ठाऊक होतं का, हे आधी सांगा. गलतीकरांना तो म्हणतो, त्यांनी माझ्यावर काही लादलं नाही, फक्त गरिबांची आठवण ठेवा म्हणाले (गलती 2:10). करिंथमध्ये नैवेद्याच्या मांसाचाच तंटा होता. पत्र खिशात असताना माणूस तीन अध्याय युक्तिवाद करत बसेल? त्याहून गंमत 21:25ची: याकोब पौलाला त्या अटी अशा सांगतो, जणू तो पहिल्यांदाच ऐकतोय.

मोडीवाचक

खिशात होतं, आणि काढलं नाही. करिंथमध्ये याकोबाच्या सहीने वाद जिंकणं म्हणजे आपलं प्रेषितपण त्याच्या हाताखाली आहे असं कबूल करणं. पौल ते करेल असं तुम्हाला वाटतं? तत्त्वाला चिकटून बसणारा तोही नव्हता. आई यहूदी, बाप ग्रीक अशा तीमथ्याची त्याने सुंता केलीच (16:3), आणि त्याच प्रवासात यरुशलेमचे ठराव गावोगाव पोचवले, असं लूक पुढच्याच वाक्यात सांगतो.

खिडकीपाशी

सगळे अटींवर बोलताय, पैशावर कुणीच नाही. ‘गरिबांची आठवण’ म्हणजे यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी, आणि तिची पद्धत 1 करिंथ 16 मध्ये आहे: आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने ऐपतीप्रमाणे बाजूला काढायचं, पौल येईपर्यंत साठवायचं, मंडळीने स्वतः निवडलेल्या माणसांनी ते न्यायचं. पैसा एकट्या पौलाच्या हातात राहणार नाही, ही खबरदारी. मासेदोनिया आणि अखया इथून रक्कम जमली. रोमकरांना तो कारणही देतो: परराष्ट्रीयांना यरुशलेमकरांच्या आध्यात्मिक ठेव्यात वाटा मिळाला, तेव्हा ऐहिक गोष्टींत यांची सेवा करणं हे त्यांचं देणं आहे. लगेच पुढे प्रार्थना करायला सांगतो, ती ही सेवा यरुशलेममध्ये ‘मान्य व्हावी’ म्हणून (रोम 15:31). काही वर्षांपूर्वी म्हणे विषय मिटला होता, आणि दिलेला पैसा घेतील की नाही याची धाकधूक!

झालं काय, तर पौल यरुशलेमला पोचल्यावर त्याच्याबरोबर आलेला इफिसचा त्रफिम हा परराष्ट्रीय मंदिरात नेला, अशी आवई उठली आणि दंगल झाली. मंदिराच्या आतल्या कठड्यावरची ग्रीक पाटी 1871 मध्ये सापडली: परक्याने पुढे पाऊल टाकलं तर ओढवणाऱ्या मरणाला तोच जबाबदार. यरुशलेमच्या मंडळीतले हजारो लोक ‘नियमशास्त्राचे अभिमानी’ होते (21:20), त्याच मंदिरात जात होते. पौलाची वर्गणी उघडपणे स्वीकारणं त्यांना शहरात परवडलं असतं का?

मोडीवाचक

पण ‘आनंदाने स्वागत केलं’ असं 21:17 मध्ये आहे.

खिडकीपाशी

माणसांचं केलं. पैशाबद्दल त्या अध्यायात अवाक्षर नाही. थेट 24:17 मध्ये, फेलिक्स सुभेदारासमोरच्या जबानीत, पौल ओझरतं म्हणतो की मी आपल्या लोकांसाठी दानधर्म घेऊन आलो होतो. घेतलं का, कुणी घेतलं, लूक सांगत नाही. एवढा नीटनेटका लेखक हे विसरला असेल, असं मला वाटत नाही.