२००९ च्या स्कॉर्पिओचे आतले काम घरच्या घरी होईल का?

खानापूरकर:

नमस्कार. आमच्या घरची स्कॉर्पिओ २००९ सालची आहे. वडिलांनी ती घेतल्यापासून तिने शेतीची खते-बियाणी वाहिली, सौंदत्तीच्या यल्लम्माला आणि जोतिबाला सगळ्या कुटुंबाला नेले-आणले, चोर्ल्याच्या घाटाने गोव्याच्या पाहुण्यांकडे कितीतरी फेऱ्या केल्या. पंधरा वर्षे पूर्ण झाल्यावर तपासणी करून घेऊन नोंदणीचे पुढील पाच वर्षांसाठी नूतनीकरणही केले, कारण इंजिन ठणठणीत आहे आणि घरात कोणालाच ती विकावीशी वाटत नाही. आतून मात्र ती पार थकली आहे.

छताचे कापड मधोमध सुटून लोंबू लागल्यावर वहिनींनी त्याला पंचवीस-तीस टाचण्या टोचून थोपवून धरले आहे. गेल्या मे महिन्यात चुलतभावाच्या लग्नाला निघालो असता त्या कापडातून गळणारी पिवळसर पूड मागे बसलेल्या आत्याच्या अंबाड्यावर आणि नव्या इरकलीवर पडत राहिली, आणि मंडपाशी उतरेपर्यंत ते कोणाच्या ध्यानातही आले नाही. चालकाच्या सीटची दाराकडची कड इतकी बसली आहे की आतली सळी मांडीला लागते. पावसाळ्यात डाव्या बाजूच्या पायांखालच्या मॅटिंगला कुबट वास येतो. एसीच्या बटणांवर आणि दारांच्या मुठींवर बोट टेकले की काकवी लागल्यासारखे चिकटते.

शहरातील एका कुशनवाल्याने सगळ्या कामाचे चाळीस हजार सांगितले आणि छताचे जुने कापड न काढता त्यावरच नवे चिकटवू, असेही सुचवले. ते मला पटले नाही. माझ्या हाताला पान्याची सवय आहे, धाकटा भाऊ मदतीला आहे आणि ऊसतोड सुरू होईपर्यंत वेळही आहे. यातले कोणते काम घरी करावे, कोणते करू नये आणि सुरुवात कोठून करावी, हे अनुभवी मंडळींनी सांगावे.

उद्यमबागवाला:

खानापूरकर, तुम्हाला ते पटले नाही हे बरे झाले. छताचे कापड सुटते ते वरचा चिकटा संपला म्हणून नव्हे. त्या कापडाच्या पाठीला पातळ फोम असतो आणि वर्षानुवर्षे टपाच्या उन्हात भाजून त्या फोमचाच भुगा होतो. आत्यांच्या अंबाड्यावर पडला तो हाच भुगा. त्यावर नवे कापड चिकटवणे म्हणजे पोपडे आलेल्या भिंतीवर रंग देण्यासारखे आहे.

तरीही छताला आधी हात लावू नका. तुमच्या प्रश्नात मला सर्वांत महत्त्वाचा वाटला तो कुबट वास, आणि तुम्ही तो एका ओळीत उरकला आहे. मॅटिंगखाली पाणी येत असेल तर वरचे सगळे काम पुढच्या श्रावणापर्यंत पुन्हा बिघडेल. हे पाणी एसीचे की पावसाचे, एवढे आधी ठरवा. एसी चालू असताना गाडीखाली पाण्याचे थेंब पडायला हवेत. ते पडत नसतील आणि डावीकडे आत ओल असेल, तर एसीचे पाणी बाहेर सोडणारी रबरी नळी कचऱ्याने तुंबली आहे. ती खालून साफ केली की काम संपते. पावसानंतरच ओल येत असेल तर बॉनेट उघडून पुढच्या काचेच्या बुडाशी असलेली पन्हळ पाहा. तुमच्याकडे गाडी झाडाखाली उभी राहत असणार, आणि पानांचा लगदा त्या पन्हळीची भोके हमखास बुजवतो. तेही ठीक असेल तर दाराचे पॅड काढून आतला प्लास्टिकचा कागद फाटला आहे का ते पाहा, कारण काचेवरून दारात उतरलेले पाणी त्या कागदामुळेच खालच्या भोकांतून बाहेर जाते.

परीक्षा अशी घ्यावी: भावाला हातात विजेरी देऊन आत बसवावे आणि बाहेरून नळीने पाणी सोडावे, पण खालून सुरुवात करून हळूहळू वर चढावे. पहिल्याच धारेला टपावर पाणी सोडले तर ते सगळीकडून ओघळते आणि नेमके कोठून शिरले ते कळत नाही.

त्यानंतर सीट उतरवून मॅटिंग पूर्ण बाहेर काढा. तिच्या खालचा जाड नमदा स्पंजासारखे पाणी धरून ठेवतो. वरून हात लावला तर कोरडा वाटतो, पण मुठीत पिळला की लाल पाणी निथळते. तो उन्हात दोन-तीन दिवस तरी वाळवावा लागतो, म्हणून हे काम पाऊस पूर्ण सरल्यावरच काढावे. कणकुंबी-जांबोटीकडच्या हवेत ऑक्टोबरच्या आधी त्या नादाला लागू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पत्र्यावर तांबेरा दिसला तर तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने खरवडून गंजरोधक रेड ऑक्साइड रंगाचे दोन हात द्या आणि मगच नमदा परत टाका.

आता छत. सनव्हायझर, हाताला धरायच्या मुठी, मधला दिवा, सीटबेल्टच्या वरच्या पट्ट्या आणि खांबांवरची प्लास्टिकची आवरणे हे सगळे निघाल्यावर छताचा पुठ्ठा सुटतो आणि मागच्या दारातून बाहेर येतो. तो दोघांनी सपाट धरूनच काढावा, कारण एकदा दुमडला की पडलेली घडी नव्या कापडातूनही दिसत राहते. हे काम दुपारी करा. आपल्याकडच्या थंडीत सकाळी जुने प्लास्टिक कडक झालेले असते आणि क्लिपा बिस्किटासारख्या तुटतात. पुठ्ठा अंगणात कापडाची बाजू वर करून ठेवा, नाकाला रुमाल बांधा आणि नायलॉनच्या मऊ ब्रशने जुना फोम पूर्ण झाडून काढा. हात फिरवल्यावर बोटाला काहीही लागता कामा नये. या एका पायरीत घाई केलेली माणसे दोन वर्षांनी पुन्हा टाचण्या शोधतात.

पाठीला फोम असलेले छताचेच कापड घ्या, साधे पडद्याचे नको, कारण त्यातून चिकटा वर उमटतो. चिकटाही उष्णता सहन करणारा रबरीच हवा. कापड चारी बाजूंनी चार-चार बोटे जास्त ठेवून पुठ्ठ्यावर पसरा, अर्धे दुमडून मागे टाका, पुठ्ठ्याला आणि कापडाला दोन्हींकडे चिकटा लावा, बोटाला तार सुटणार नाही इतका सुकू द्या आणि मग मधल्या रेषेपासून कडेकडे तळहाताने दाबत न्या. नंतर उरलेला अर्धा भाग तसाच करा. चिकट्याची वाफ पेट घेते, तेव्हा जवळपास चूल, बंब किंवा विडी असू नये.

निपाणीची शिवणकाम करणारी:

दादा, सीटविषयी मी लिहिते, कारण आमच्याकडे ब्लाउजांच्या जोडीने गाडीची कव्हरेही शिवली जातात. तुमची चालकाची सीट कव्हर घालून नीट होणार नाही. कड बसली आहे ती आतला फोम बसल्यामुळे, आणि नवे कव्हर त्याच खड्ड्यात सुरकुतेल. कव्हर उतरवून फोम उघडा करा. झिजलेला भाग धारदार सुरीने सरळ कापून काढा आणि तेवढ्याच आकाराचा कडक फोमचा तुकडा बसवा. मऊ गादीचा फोम घेऊ नका, तो सहा महिन्यांत पुन्हा बसतो. जोडावर सगळीकडून फिरणारा पातळ फोमचा एक थर चिकटवला की तुकड्याची कड वरून कळत नाही.

जुने कव्हर फेकू नका. शिवणी उसवून त्याचे भाग सुटे करा, प्रत्येकावर खडूने डावे-उजवे आणि वरची बाजू लिहा, तोच तुमचा नमुना आहे. कापायचे काम घरी करता येईल, मात्र शिवण घरच्या मशीनवर करण्याचा हट्ट धरू नका. रेक्झीनचे दोन पदर आणि मध्ये पायपिंग, म्हणजे शिवणीतली दोरी भरलेली गोल कड, आली की साधी मशीन टाके सोडते, आणि रेक्झीनला सुईचे भोक एकदा पडले की ते बुजत नाही. सुती दोराही नको, तो घामाने आणि ओलीने कुजतो. कापलेले तुकडे घेऊन कुशनवाल्याकडे गेलात तर तो फक्त शिलाईचे पैसे घेईल. बैलहोंगलकडे आमचा एक कारागीर आहे, मराठी त्याला जेमतेम येते आणि माझे कन्नड जेमतेम, पण खडूच्या खुणांवर आमचे आजवर कधी अडलेले नाही.

मागच्या सीटचे कापड फाटले नसेल तर ते बदलू नका. रिठ्याच्या कोमट पाण्याने मऊ ब्रश फिरवून, ओल्या फडक्याने पुसून घ्या. पाणी ओतायचे नाही, फोमपर्यंत पोहोचले तर वाळता वाळत नाही. सीटबेल्ट पूर्ण ओढून चिमट्याने अडकवून सौम्य साबणाने धुवा आणि सावलीत वाळवा. ब्लीच किंवा रंग त्याला लावू नये, पट्टा कमकुवत होतो.

चंदगडचा रहिवासी:

एवढा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न मला पडतो. तयार कव्हरे आणि मॅट टाका, वासासाठी सुगंधी डबी ठेवा, गाडी अजून चार-पाच वर्षे चालवायची आहे. मी तर माझ्या गाडीतली मागची समोरासमोरची बाके काढून तिथे पुढे तोंड असलेली आरामखुर्चीसारखी सीट बसवून घेणार आहे.

उद्यमबागवाला:

सुगंधी डबीने फक्त वास झाकेल, पत्रा खालून सडतच राहील. आणि बाकांविषयी सावध राहा. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशिलाशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही. सीटची संख्या बदलली तर पुढच्या तपासणीला अडचण येईल. शिवाय घरी वेल्डिंग केलेल्या पायांवर बसवलेली सीट धडकेच्या वेळी जागेवर राहील याची खात्री कोण देणार?

चिकट बटणांचे राहिले होते. प्लास्टिकवरचा रबरासारखा लेप जुना झाला की असा पाघळतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल फडक्यावर घेऊन चोळले की तो काळा होऊन निघतो आणि खाली साधे कोरडे प्लास्टिक मिळते. आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यात करून पाहा, बटणांवरची चिन्हे सांभाळा आणि थिनर मुळीच वापरू नका, त्याने प्लास्टिकच वितळते. डॅशबोर्डला तेलकट चकाकी देणारे पॉलिशही टाळा, उन्हात त्याचे प्रतिबिंब काचेवर पडते. आणि सीट काढण्यापूर्वी बॅटरीचे ऋण टोक सोडा; गाडीत एअरबॅग असेल तर पिवळ्या वायरींना आणि स्टीयरिंगच्या मधल्या भागाला हात लावू नका.

खानापूरकर:

सर्वांचे आभार. उशिरा लिहितो आहे, कारण काम सुरू होते. पाणी पावसाचेच निघाले. काचेखालच्या पन्हळीतून आंब्याच्या पानांचा जवळजवळ अर्धी बादली काळा लगदा निघाला आणि त्यात एक कोवळे रोपही उगवलेले होते, ते आईने कुंडीत लावले आहे. डाव्या बाजूचा पत्रा तळहाताएवढा गंजला होता, तो खरवडून रंगवला. नमदा चार दिवस गोठ्याच्या पत्र्यावर वाळत पडला होता.

छत झाले. पुठ्ठा काढताना मागच्या खांबाच्या दोन क्लिपा तुटल्याच, त्या जुन्या मालाच्या बाजारात मिळाल्या. माझी चूक एकच झाली: मधल्या दिव्याचे भोक मी पुठ्ठा गाडीत बसवण्याआधीच पूर्ण कापले, आणि कापड ताणले गेल्यावर ते एका बाजूने अर्धा इंच उघडे पडले. कोणी हे काम करणार असेल तर त्याने तिथे फक्त फुलीसारखी चीर द्यावी आणि दिवा बसवताना टोके आत दुमडावीत. सध्या त्या फटीवर उरलेल्या कापडाची गोल चकती करून लावली आहे. वहिनींनी टाचण्या मोजून डबीत परत ठेवल्या, एकतीस भरल्या.

चालकाच्या सीटचे कव्हर उसवून खडूने खुणा केल्या आहेत. निपाणीच्या ताईंना एवढेच विचारायचे आहे, की पायपिंगची दोरी जुनीच वापरावी की नवी घ्यावी? जुनी ठिकठिकाणी चपटी झाली आहे.

निपाणीची शिवणकाम करणारी:

नवीच घ्या, दादा. चपट्या दोरीवर शिवण सरळ बसत नाही. जुनीची जाडी मोजायला वीतभर तुकडा सोबत न्या.