मदत हवी आहे: कणकुंबीकडचा हा बांबू कोणता?

नमस्कार मंडळी. मलप्रभेच्या उगमाजवळ, कणकुंबीच्या रानात ओढ्याकाठी बांबूची पाच बेटं सापडलीत. काटे नाहीत, म्हणजे कळक नव्हे. गावातले काका ‘चिवा’ म्हणतात, पण मला खात्री वाटेना. कोंबाच्या आवरणावर तपकिरी लव आहे, बोटात कुसासारखी रुतते. काठी जवळजवळ भरीव. दोन बेटं फुलोऱ्यावर आलीत, बहुधा बी धरून वाळतील. नवे कोंब तर गुरं ठेवतच नाहीत!

ओळख पटवायला आवरण आणि फुलोऱ्याखेरीज कशाचे फोटो काढू? सोबतची झाडंझुडपं नोंदायला १० × १० मीटरचा चौकोन पुरेल का? भीमगड अभयारण्य जवळच, म्हणून परवानगीशिवाय काहीच तोडलेलं नाही. बियांपासून रोपं कुणी केलीत का?