येळ्ळूर सोडून महाराष्ट्रात सरकारी नोकरीला जावं काय?

येळ्ळूरचा_गडी
बेळगावजवळच्या येळ्ळूरचा मी, बेळगावच्या उद्यमबागेत एका फाउंड्रीत अकाउंट्स बघतो. बी.कॉम. झालंय, शिक्षण मराठी शाळेतलं. कन्नड बोलतो, पण लिहायची वेळ आली की शेजारच्या टेबलाकडं बघतो. म्हणजे इकडच्या, कर्नाटकातल्या सरकारी नोकरीचं दार जवळजवळ बंदच. महाराष्ट्रानं दावा सांगितलेल्या ८६५ गावांत आमचं गाव येतं, त्यामुळं १५ वर्षं वास्तव्याचा दाखला जोडून तिकडच्या भरतीला बसता येतं. आई म्हणते, बस की. बाबा १ नोव्हेंबरला, कर्नाटकाच्या स्थापनादिनी, निषेधाच्या काळ्या दिनाच्या फेरीला अजून सायकल काढतात. त्यांचं एकच, "गाव महाराष्ट्रात जावं म्हणून आम्ही झगडायलोय आणि तूच एकटा निघालास? मग इथं राहायचं कोणी?" काय उत्तर द्यायचं?

खानापूर_टू_भोसरी
भावा, बस परीक्षेला. सुप्रीम कोर्टातला सीमाप्रश्नाचा दावा २००४ चा आहे, त्याच्या निकालावर पोट बांधून ठेवू नकोस. फक्त तिकडं गेल्यावर आपला माणूस म्हणून मिठी मारतील असं समजू नको. माझ्या गाडीचा बेळगावचा केए-२२ नंबर बघून सोसायटीतले पहिल्यांदा विचारतात, "मराठी छान बोलता की हो!" मला रूम मिळाली ती चंदगडच्या पोरांमुळं. बेळगावच्या वैशाखातल्या शिवजयंतीच्या चित्ररथाला मात्र सुट्टी टाकून येतोच, मॅनेजर कितीही कुरकुरू दे.

शहापूरची_ताई
मी मुलीला कन्नड माध्यमात घातलं तेव्हा गल्लीतल्यांनी महिनाभर तोंड वाकडं केलं. आता जमिनीचा उतारा, लाईट बिलाची नोटीस, काही कन्नडमध्ये आलं की तेच आमच्या दारात. काल एक आजोबा पेन्शनचा कागद घेऊन तासभर बसले होते. तिनं वाचून दाखवला, वर अर्जही लिहून दिला. मराठी तिची कुठं गेली नाही, भांडते मराठीतच. तुझ्या बाबांचं चुकत नाही रे. पण राहायचं तर इथल्या कचेरीत आपलं काम आपल्याला करता यायला पाहिजे, नुसत्या फेरीनं ते होत नाही.

निपाणी_६७
दाखल्याच्या मागं आजच लाग. जाहिरात निघाल्यावर पळापळ करशील तर मुदत टळते.

येळ्ळूरचा_गडी
दाखल्याचं सोमवारी बघतो. ताई, मुलगी मोठ्या माणसांना लिहायला शिकवते काय? रविवारी मी मोकळा असतो. बाबांना एवढ्यात सांगणार नाही.