केंब्रिजने १९०९ नंतर नंबरांची यादी बंद केली. बरोबर केलं की चूक?

गोदाकाठ
र. पु. परांजपे १८९९ मध्ये केंब्रिजच्या गणित ट्रायपॉसला, म्हणजे गणिताच्या पदवी परीक्षेला, पहिले आले, सीनियर रँग्लर झाले, हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. (बर्टविसल नावाच्या विद्यार्थ्याबरोबर विभागून पहिले, हा तपशील सहसा गळतो.) त्यानंतर दहाच वर्षांत केंब्रिजने ही पहिला, दुसरा, तिसरा अशी नंबरवार यादी मोडीत काढली. १९०९ ची यादी शेवटची. पुढे रँग्लर (पहिला वर्ग), सीनियर ऑप्टिमे (दुसरा), ज्युनियर ऑप्टिमे (तिसरा) हे तीन वर्ग राहिले, पण वर्गातली नावं वर्णानुक्रमाने.

माझं मत: उशिरा केलं, पण योग्य केलं. नंबराच्या हव्यासापायी गणित मागे पडलं होतं. पोरं विद्यापीठाच्या प्राध्यापकांच्या व्याख्यानांना फिरकत नसत, कारण तिथे शिकवलेलं परीक्षेत यायचं नाही. सगळी मदार खासगी शिकवणीवर. त्यातला सगळ्यात नावाजलेला शिक्षक एडवर्ड राऊथ. १८५४ च्या परीक्षेत तो पहिला आणि जेम्स क्लार्क मॅक्सवेल दुसरा. विद्युतचुंबकत्वाची समीकरणं मांडली ती त्या दुसऱ्याने. राऊथच्या हाताखालून २५ हून अधिक सीनियर रँग्लर निघाले. ठरावीक सिद्धांत, ठरावीक क्लृप्त्या, घड्याळ लावून सराव. बर्ट्रंड रसेल १८९३ मध्ये सातवा आला आणि परीक्षा संपताच त्याने गणिताची पुस्तकं विकून टाकली. जी. एच. हार्डी १८९८ चा चौथा. ही पद्धत बदलावी म्हणून तो पुढे हिरिरीने भांडला.

आणि शेवटच्याची काय गत? पास झालेल्यांत जो तळाला असेल त्याला पदवी घेताना सेनेट हाउसच्या, म्हणजे पदवीदानाच्या सभागृहाच्या, गॅलरीतून दोरीने मोठा लाकडी चमचा खाली सोडून द्यायचे. वरून टाळ्या, हशा. पदवीच्या दिवशी माणसाचा असा तमाशा करणारी परंपरा गेली, याचं मला मनापासून समाधान आहे.

दापोलीकर
चमच्याबद्दल वाद नाही, तो जायलाच हवा होता. पण यादीचं काय वाकडं होतं?

परांजप्यांचं कोकणातलं मुरडी गाव नकाशावर बघा. तिथला मुलगा, धोंडो केशव कर्व्यांच्या आधाराने शिकलेला, साम्राज्य ऐन भरात असताना केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात जाऊन पहिला येतो. तपासणाऱ्याच्या हातात फक्त गणितं होती आणि गणिताला रंग नसतो. यादी नसती तर परांजपे त्या वर्षीच्या रँग्लरांच्या घोळक्यात वर्णानुक्रमाने कुठेतरी असते, आणि ‘हिंदी माणसाला जमतं’ हे इंग्रजांच्या गळी उतरवायला आपल्याकडे काही नसतं. आतल्या वर्तुळातल्यांना नंबराची गरज नसते हो, त्यांची ओळख असतेच. नंबर लागतो तो बाहेरच्याला.

अनघा_व
दापोलीकरांना अनुमोदन, आणि त्याहून मोठं उदाहरण १८९० चं आहे. फिलिपा फॉसेट, केंब्रिजमधल्या बायकांच्या न्यूनहॅम कॉलेजची. बायकांना परीक्षेला बसता यायचं, पण त्यांचं नाव मुख्य यादीत नसे. निकाल वेगळा वाचायचे आणि पुरुषांच्या यादीत कितव्या जागी बसते तेवढं सांगायचे. फिलिपाचं नाव आल्यावर वाचलं गेलं, ‘सीनियर रँग्लरच्या वर’. सभागृह दणाणून गेलं. बाईच्या डोक्याला गणित झेपत नाही म्हणणाऱ्यांना यापेक्षा ठोस उत्तर कोणत्याही भाषणाने दिलं नसतं. हे उत्तर त्या क्रमामुळेच देता आलं. नुसता ‘पहिला वर्ग’ म्हटलं असतं तर लोक विसरून गेले असते.

गोदाकाठ
अनघाताई, मग पुढचंही सांगा. त्या फिलिपाला पदवी मिळाली का? नाही. १८९७ मध्ये बायकांना पदवी द्यायचा ठराव केंब्रिजने प्रचंड बहुमताने फेटाळला. सायकलवर बसलेल्या बाईचा पुतळा टांगून दंगा केला पोरांनी. पूर्ण पदवी मिळायला १९४८ उजाडलं. पहिल्याच्याही वर येऊन जिथे दार उघडत नाही, तिथे नंबराने नेमकं काय मिळवून दिलं?

अनघा_व
दार उघडलं नाही, पण दार लावणाऱ्यांकडे सबब उरली नाही. १८९७ मध्ये त्यांना हुल्लडबाजी करावी लागली, कारण बुद्धीचा मुद्दा ते हरले होते. हे कमी आहे असं मला अजिबात वाटत नाही.

पेठेतला_शिक्षक
मी वीस-एक वर्षं अकरावी-बारावीला गणित शिकवतोय. आपल्या मंडळाने गुणवत्ता यादी बंद केली तेव्हा आम्ही स्टाफरूममध्ये सुटकेचा श्वास सोडला होता. यादी असताना निकालाच्या दिवशी चौथा आलेला मुलगा आईच्या खांद्यावर डोकं टेकून रडताना पाहिलाय, दोन मार्कांसाठी. पण यादी गेली म्हणून शर्यत गेली का? क्लासवाल्यांच्या फ्लेक्सवर प्रवेशपरीक्षांच्या रँका झळकतातच. विद्यापीठाने मोजणं सोडलं की बाजार मोजायला लागतो, आणि बाजार त्याचे पैसे घेतो. म्हणून मी गोदाकाठांच्या बाजूचा असूनही अर्धाच आहे.

दापोलीकर
सर, हेच म्हणतोय! केंब्रिजमध्येही राऊथसारख्यांच्या शिकवण्या यादीमुळे वाढल्या असतील, पण मूळ रोग प्रश्नपत्रिकेत होता. साचेबंद प्रश्न बदला, वेळ वाढवा, अभ्यासक्रमात नवं गणित आणा. यादी कशाला मोडायची?

गोदाकाठ
कारण एकापाठोपाठ एक नंबर लावायचा तर सूक्ष्म फरक मोजावे लागतात, आणि असे फरक साचेबंद प्रश्नांतच निघतात. एखाद्या पोराने एकच अवघड प्रश्न घेऊन त्यावर तीन तास नवीन विचार केला, त्याला सत्तेचाळिसावा म्हणायचं की बारावा? वर्ग ठेवला की निदान तपासणाऱ्याला ‘हा उत्तम आहे’ एवढं प्रामाणिकपणे म्हणता येतं. परांजप्यांबद्दल मला तुमच्याइतकाच आदर आहे. पण सव्विसाव्या वर्षी फर्ग्युसनचं प्राचार्यपद हाती घेऊन त्यांनी ते कॉलेज जसं चालवलं, ते कुठल्या यादीत मोजणार?

दापोलीकर
ते मोजता येत नाही, मान्य. पण त्यांचं म्हणणं पुण्यापासून लंडनपर्यंत लोक कान देऊन ऐकत, त्यात १८९९ च्या त्या यादीचा वाटा होता. तो तुम्ही शून्य धरताय आणि तिथेच आपलं जमत नाही.